ताऱ्यापासून ‘टी’पर्यंत : सुमंत मूळगावकर

स्मरणिकेसाठी छंद या विषयावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळींचा आग्रह झाला. बागकाम, वाचन, नाणी, तिकिटं यांवर इतर सभासद लिहितीलच. मी निवडला तो जुन्या जर्मन गाड्यांचा छंद. आता तिवस्यात बसून जर्मन गाड्या कुठून आल्या, असं कोणी विचारेल. थोडा धीर धरा, सांगतो.

जुनी गाडी शोधायची, तिची गंजलेली पत्रं काढायची, इंजिन उघडून परत बसवायचं, ब्रेकची रबरं बदलायची, वायरिंग नव्यानं ओढायचं, आणि मग रविवारी सकाळी ती धुऊन-पुसून घराबाहेर काढायची. असा छंद असणारी मंडळी मुंबई-पुण्याकडे बरीच आहेत. 2014 पासून मुंबईत फक्त जुन्या मर्सिडीज गाड्यांची रॅली भरते. कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन बनावटीची मेबॅक गाडी दसऱ्याला बाहेर निघते, तेव्हा ती पाहायला रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गर्दी उभी असते. जर्मन गाडीचं या लोकांना वेड असण्याचं कारण साधं आहे. ती उघडता येते, दुरुस्त करता येते आणि नीट दुरुस्त केली तर पुन्हा तशीच चालते. मर्सिडीज कंपनीनं तर स्वतःच्या जुन्या गाड्यांसाठी जर्मनीत फेलबाख इथं 1993 साली वेगळं केंद्र काढलं. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीचे सुटे भाग आणि जुनी कागदपत्रं तिथून मिळू शकतात.

आपल्याकडे महाराजांच्या मोटारी नव्हत्या. पण आपलं तिवसा नागपूर-अमरावती रस्त्यावर आहे. आज त्याला 53 नंबर म्हणतात, आमच्या वेळी तो सहा नंबरचा हायवे होता. या रस्त्यावरून संत्र्याच्या पेट्या गेल्या, कापसाच्या गाठी गेल्या, मोझरीला गुरुकुंजाच्या पुण्यतिथी महोत्सवाला माणसं गेली. हे सगळं ज्या ट्रकनं वाहिलं, तो एकेकाळी जर्मन होता. त्याच्या जाळीवर तीन टोकांचा तारा असायचा. जुने ड्रायव्हर त्याला सरळ ‘मर्सडी’ म्हणायचे. हा तारा आपल्या रस्त्यावर आणण्यात, आणि तो निघून गेल्यावरही ट्रक चालता ठेवण्यात, सर्वांत मोठा वाटा एका मराठी माणसाचा होता. त्यांचं नाव सुमंत मूळगावकर. त्यांना जाऊन आता पस्तीस वर्षांवर झाली. नव्या पिढीला ‘सुमो’ माहीत असते, मूळगावकर माहीत नसतात. म्हणून त्यांचीच गोष्ट सांगतो.

शिक्षण आणि सिमेंटची वर्षं

सुमंत मूळगावकरांचा जन्म 5 मार्च 1906 रोजी मुंबईत झाला. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातून ते मेकॅनिकल इंजिनिअर होऊन 1929 मध्ये बाहेर पडले. सारं जग मंदीत सापडलं ते याच सुमारास. परत आल्यावर ते सिमेंटच्या धंद्यात शिरले. 1936 साली देशातल्या बऱ्याच सिमेंट कंपन्या एकत्र येऊन ए.सी.सी. झाली. त्या ए.सी.सी.त मूळगावकरांनी कारखाने उभारायचं काम केलं.

सिमेंटचा कारखाना म्हणजे अवजड यंत्रांचा संसार. ही यंत्रं त्या काळी सगळी परदेशातून यायची. युद्ध सुरू झालं आणि जहाजं थांबली, तेव्हा बाहेरच्या यंत्रांवर अवलंबून राहण्यातली अडचण देशातल्या प्रत्येक कारखानदाराला कळली. परकं यंत्र विकत घेता येतं, पण ते बनवायची विद्या हाती नसेल तर आपण कायम दुसऱ्याच्या दारात उभे. मूळगावकरांचं पुढचं सगळं आयुष्य बघितलं तर ते याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतं.

टेल्कोत आगमन

टाटांनी 1945 साली जमशेदपूरला टाटा इंजिनिअरिंग अँड लोकोमोटिव्ह कंपनी काढली. तिचं छोटं नाव टेल्को. काम होतं रेल्वेसाठी बॉयलर आणि वाफेची इंजिनं बनवायचं. मीटरगेजवर चालणारी वायपी आणि वायजी ही इंजिनं टेल्कोनं बनवली. आपल्या अकोल्यावरून खांडवा-पूर्णा मीटरगेज लाईन जायची, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. तसल्या लाईनीवरची ही इंजिनं.

मूळगावकर 1949 मध्ये टेल्कोत आले. कंपनीपुढं एक मोठी अडचण होती. गिऱ्हाईक एकच, भारतीय रेल्वे. बँकेत आम्ही कर्जाचा प्रस्ताव तपासताना पहिला प्रश्न विचारायचो, की तुमचा माल घेणारे किती? एकच असेल तर पेन थोडं थबकायचं. त्यात वाफेच्या इंजिनाचे दिवस जगभर भरत आलेले. म्हणजे कारखाना मोठा, कामगार हजारोंनी, आणि पुढं काय बनवायचं याचं उत्तर शोधायलाच हवं होतं.

उत्तर मिळालं ते ट्रकमध्ये. स्वातंत्र्यानंतर धरणं, कारखाने, रस्ते यांची कामं निघाली होती. माल वाहायला ट्रक लागत होते. त्याच सुमारास सरकारनं धोरण घेतलं, की नुसते सुटे भाग आणून गाडी जोडणाऱ्यांना इथं जागा नाही, ज्याला देशात गाडी बनवायची आहे त्यानंच थांबावं. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला 1928 पासून जोडणीचा कारखाना होता. तो बंद झाला. फोर्डही गेली. जागा रिकामी झाली होती, पण ती भरायला कोणाकडून तरी विद्या घ्यावी लागणार होती.

तारा आला

1954 साली टेल्कोनं जर्मनीच्या डाइम्लर-बेंझ कंपनीशी 15 वर्षांचा करार केला. करारानंतर अवघ्या काही महिन्यांत, त्याच वर्षी, जमशेदपूरहून पहिला ट्रक बाहेर पडला. मूळगावकर तेव्हा 48 वर्षांचे होते.

हा ट्रक म्हणजे 312. पुढं गोलसर बोनेट, सहा सिलिंडरचं साडेचार लिटरच्या वर असलेलं डिझेल इंजिन. थंडीत आधी हीटर द्यायचा, थोडं थांबायचं, मग सेल्फ मारायचा. त्याआधी आपल्या रस्त्यांवर फार्गो, डॉज, शेवरलेट, बेडफर्ड असे ट्रक, आणि त्यांतले पुष्कळसे पेट्रोलवर चालणारे. पेट्रोलचा ट्रक पळायचा छान, पण मालकाचा खिसा रिकामा करायचा. डिझेल स्वस्त, आणि लिटरमागं जास्त अंतर तोडणारं. वरून जर्मन इंजिन भार ओढायला खंबीर. ट्रकमालकाला तत्त्वज्ञान लागत नाही, महिन्याअखेर हातात काय उरलं ते लागतं. टाटा-मर्सिडीज इतकी पसरली ती त्या हिशेबामुळे.

करारातली खरी गोम मात्र पंधरा वर्षांत होती. पंधरा वर्षं म्हणजे नुसती मुदत नव्हे. तेवढ्या काळात प्रत्येक भाग इथं बनवायला शिकायचं होतं. इंजिनचा ब्लॉक, गिअर, ॲक्सल, चासीचे पत्रे, एकेक करत सगळं. नाहीतर सोळाव्या वर्षी तारा जाणार आणि त्याच्याबरोबर धंदाही. करार करताना हे सगळ्यांनाच ठाऊक असतं, पण बहुतेकांना ते शेवटच्या दोन वर्षांत आठवतं. मूळगावकरांनी पहिल्या दिवसापासून त्या शेवटच्या दिवसाची तयारी धरली. 1961 मध्ये टेल्कोचे ट्रक निर्यात होऊ लागले. पहिला शेजारच्या श्रीलंकेत गेला, ज्याला तेव्हा सिलोन म्हणत.

1969

1969 साली करार संपला. जाळीवरचा तारा निघाला आणि त्या जागी वर्तुळातला इंग्रजी ‘टी’ आला. तारा गेला म्हणून गिऱ्हाईक गेलं का? नाही. ट्रक तोच होता, भरवसा तोच होता. जुने ड्रायव्हर तर पुढं कित्येक वर्षं ‘टी’वाल्या गाडीलाही मर्सडीच म्हणत राहिले. 1970 मध्ये टेल्कोनं शेवटचं वाफेचं इंजिन बनवून तो विभाग बंद केला. ट्रकचा धंदा तोवर पायावर उभा राहिला नसता, तर त्या दिवशी हजारो घरांच्या चुली अडचणीत आल्या असत्या.

1969 हे वर्ष आम्हा बँकवाल्यांच्याही लक्षात राहणारं. 19 जुलैला 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यानंतर लहान वाहतूकदारांना कर्ज देणं अग्रक्रमाच्या क्षेत्रात आलं. एक ट्रक, एक मालक, बहुतेक वेळा ड्रायव्हरही तोच. अशा माणसाकडं तारण ठेवायला शेत नसे, घर नसे. तारण म्हणजे तो ट्रकच. आर.सी. बुकावर बँकेचं हायपोथिकेशन चढवायचं आणि हप्ते सुरू. अशा कर्जात बँकेची सगळी भिस्त एका गोष्टीवर असते, की पाच वर्षांनी या गाडीला बाजारात किंमत किती येईल? टाटाच्या जुन्या गाडीला भाव असायचा, सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळायचे आणि मिस्त्री कुठंही सापडायचा. त्या भरवशावर वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याची आणि एकाधिकार खरेदीतल्या कापसाची वाहतूक करणारे कितीतरी लोक ट्रकमालक झाले. माझ्या नोकरीच्या काळात अशा फायली मी पुष्कळ हाताळल्या. एखाद्या इंजिनिअरनं जमशेदपुरात घेतलेला निर्णय वऱ्हाडातल्या माणसाच्या पासबुकात कसा उमटतो, ते त्या फायलींत दिसायचं.

साठीनंतरचं पुणे

आता मूळगावकरांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा भाग. 1966 साली पुण्याजवळ पिंपरीला टेल्कोचं काम सुरू झालं. तेव्हा ते साठ वर्षांचे होते. आपण साठीला पेन्शनचे कागद जमवतो.

पिंपरीत त्यांनी आधी ट्रक काढला नाही. आधी काढली ती ट्रक बनवायची यंत्रं आणि साचे. पत्रा दाबायची डाय, कापायची-घासायची मशीन टूल्स, आणि ती चालवणाऱ्या पोरांचं प्रशिक्षण. दहावी-बारावी झालेली खेड्यापाड्यांतली मुलं ॲप्रेंटिस म्हणून यायची आणि अचूक काम शिकून कारागीर व्हायची. पुण्यातून पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं ते 1977 मध्ये. म्हणजे अकरा वर्षं. या अकरा वर्षांत पैसा ओतला जात होता आणि पुण्याहून गाडी दिसत नव्हती. कोणत्याही भागधारकाच्या सभेत हा प्रश्न अवघडच. बँकेचा माणूस म्हणून मीही तो विचारला असता.

पण याचं उत्तर पुढं मिळालं. जो गाडी विकत आणतो त्याला गाडी मिळते. जो गाडी बनवायचं यंत्र बनवतो, त्याला उद्याची कोणतीही गाडी बनवता येते. उजाड माळावर त्यांनी झाडं लावली, पाणी अडवून तळं केलं. त्या तळ्याला पुढं त्यांचंच नाव मिळालं, सुमंत सरोवर. आज तिथं पक्षी येतात. कारखान्याच्या आवारात हिरवळ हवी, माणूस प्रसन्न असला तर हात अचूक चालतो, असा हा विचार. त्या काळच्या कारखानदारीत तो नेहमीचा नव्हता.

त्यांच्याबद्दल एक गोष्ट फार सांगितली जाते. दुपारच्या जेवणाला ते बाकीच्या साहेबांबरोबर न बसता गाडी काढून निघून जायचे. लोकांना वाटायचं, कुठल्या मोठ्या हॉटेलात डीलरची मेजवानी झोडत असतील. मग कोणीतरी मागं गेलं, तर साहेब हायवेवरच्या ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांबरोबर बाजेवर बसून जेवत होते, आणि टाटाच्या गाडीत काय चांगलं, काय वाईट, ते ऐकत होते. अशा आख्यायिका मोठ्या माणसांभोवती जमतातच. पण ही गोष्ट लोकांना खरी वाटते, याचं कारण गाडीतच आहे. टाटाचा ट्रक ज्यानं बनवला त्याला आपला रस्ता, आपला ओव्हरलोड आणि आपला ड्रायव्हर माहीत होता, हे चालवणाऱ्याला कळत असे.

चारशे सात

ऐंशीच्या दशकात पुन्हा परीक्षा आली. हलक्या ट्रकसाठी जपानी कंपन्यांना सरकारनं दार उघडलं. टोयोटा, माझदा, निसान आणि मित्सुबिशी या चौघी भारतीय भागीदार घेऊन एकाच वेळी उतरल्या. नवी तंत्रविद्या, दिसायला देखण्या गाड्या. टेल्कोपाशी परदेशी भागीदार नव्हता. सगळ्यांना वाटलं, आता टाटाचं काही खरं नाही.

1986 मध्ये पुण्यात घडलेली टाटा 407 बाजारात आली. पिंपरीत आधी साचे आणि यंत्रं बनवायची विद्या जमवली होती, ती इथं कामाला आली. मूळगावकर तेव्हा ऐंशी वर्षांचे. पुढं काय झालं ते आपण सगळे जाणतो. लग्नाचं वऱ्हाड, भाजीचे कॅरेट, सिमेंटच्या गोण्या, शाळेची पोरं, सगळं चारशे सातमध्ये. जपानी नावांपैकी काही वर्षांत टोयोटा आणि निसान या गाड्यांवरून दिसेनाशा झाल्या. 407 आजही चालते आहे.

मजा अशी, की या गाडीच्या नावातही जर्मन खूण राहिली. मर्सिडीजच्या पद्धतीत आधीचे आकडे ढोबळमानानं टनांचे आणि शेवटचे दोन आकडे दहाने गुणले की हॉर्सपॉवर. 1210 म्हणजे बारा टन, शंभर हॉर्सपॉवर. 407 म्हणजे चार टनांच्या आसपास आणि सत्तर हॉर्सपॉवर. नातवंडांना हे सांगून बघा, रस्त्यानं जाताना प्रत्येक ट्रकचा नंबर वाचत बसतील.

टेल्कोचं काम करता करता मूळगावकर मारुती उद्योगाचे सुरुवातीच्या काळातले अध्यक्षही होते. 1983 च्या डिसेंबरात जी छोटी मारुती आली, तिच्या कंपनीची घडी बसवण्यातही त्यांचा सल्ला होता.

लीलाताई

त्यांच्या पत्नी लीला मूळगावकर यांच्याबद्दल लिहिलं नाही, तर आपल्या महिला मंडळाला ते आवडणार नाही, आणि त्यांचं म्हणणं बरोबरच ठरेल. स्वेच्छेनं रक्तदान करण्याची चळवळ मुंबईत रुजवण्यात लीलाताईंचा मोठा वाटा होता. पैसे घेऊन रक्त विकणारे होते त्या काळात, सुशिक्षित माणसानं स्वतःहून रक्त द्यावं, हे लोकांना पटवणं सोपं नव्हतं. त्यांना 1963 साली पद्मश्री मिळाली. 1975 आणि 1976 मध्ये त्या मुंबईच्या नगरपाल, म्हणजे शेरीफ, होत्या. सुमंतरावांचं नाव पद्मभूषणाच्या यादीत आलं ते 1990 साली, त्यांच्या निधनानंतर. घरातला पहिला पद्म पुरस्कार बाईसाहेबांचा, सत्तावीस वर्षं आधीचा.

शेवट आणि त्यानंतर

1988 च्या अखेरीस टेल्कोचं अध्यक्षपद रतन टाटांकडं गेलं. 1 जुलै 1989 रोजी सुमंत मूळगावकरांचं निधन झालं. ते 83 वर्षांचे होते. 1994 साली टेल्कोनं नवी गाडी काढली आणि तिला नाव दिलं सुमो. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणं सुमंतमधला ‘सु’ आणि मूळगावकरमधला ‘मो’. लोकांना वाटतं जपानी पहिलवान. जपान्यांना टक्कर दिलेल्या माणसाचं ते नाव आहे.

त्याच 1994 मध्ये डाइम्लर-बेंझ परत भारतात आली, टेल्कोची भागीदार म्हणून. 1995 पासून पिंपरीच्या टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास मोटार जोडली जाऊ लागली. ज्या माळावर मूळगावकरांनी झाडं लावली, तिथंच तारा पुन्हा उगवला. चाकणला स्वतःचा कारखाना होईपर्यंत, म्हणजे 2009 पर्यंत, हे चाललं.

आणि आता पुन्हा छंदाकडं येतो. पिंपरीला जोडलेल्या त्या पहिल्या गाड्यांना आज तीस वर्षं झाली. छंदिष्ट मंडळी त्या शोधून काढतात, आतलं लाकूड पॉलिश करतात, सस्पेन्शनची रबरं बदलतात, मूळचा रंग जुळवतात. 2021 मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या खासगी दुचाकी-चारचाकींसाठी व्हिंटेज नोंदणीचा नियम केला. नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आणि नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. चांगलंच झालं. पण नियम दुचाकी-चारचाकींचा, तोही धंद्याच्या गाडीसाठी नव्हे. त्यामुळे मागं जोडचाकं असलेला, आयुष्यभर भाडं मारलेला 312 ट्रक त्यात बसत नाही. तो बहुतेक ठिकाणी भंगारात गेला. खेड्यातल्या एखाद्या जिनिंगच्या आवारात किंवा गोठ्यामागं अजून एखादं गोल बोनेट गंजत पडलं असेल, तर आपल्या सोसायटीतल्या तरुण मंडळींनी ते जरूर शोधावं. त्या इंजिनात संगणक नाही. पंप, पिस्टन, गिअर, सगळं डोळ्यांना दिसतं आणि पान्यानं उघडतं. शिकायला याहून चांगली शाळा नाही. खर्चाचं अंदाजपत्रक मात्र आधी करा. जुन्या गाडीचा खर्च ठरवल्याच्या दुप्पट होतो, हे कोणताही मिस्त्री सांगेल.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. मूळगावकरांनी पंधरा वर्षांच्या कराराचा शेवट पहिल्याच दिवशी डोळ्यांसमोर धरला होता. आपल्याही टाकीला, गच्चीला, पाईपलाईनला आता पंचवीस वर्षं झाली आहेत. सिंकिंग फंडाचा विषय येत्या वार्षिक सभेत शेवटी न घेता पहिला घ्यावा, एवढी या जुन्या बँकवाल्याची सूचना आहे. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.